मोझांबिकला निघालात? आधी रात्री मोजा, मग गोळ्या

गोव्यातून आफ्रिकेकडे जाणारा माणूस बहुधा तीनपैकी एका गटातला असतो. बोटीवर कामाला असलेला, कंपनीने साइटवर पाठवलेला, किंवा मापुतो, नैरोबी, दार-एस-सलामला नातेवाइकांकडे निघालेला. तिघांचा मलेरियाबद्दलचा प्रश्न एकच असतो: "गोळी घ्यावी लागते का हो?" उत्तर देणारा देशाचं नाव विचारतो आणि लगेच हो किंवा नाही सांगून टाकतो. घोळ इथेच होतो. केनियाला जाऊन फक्त नैरोबी शहरात चार दिवस राहणाऱ्याला सहसा गोळीची गरज नसते, आणि त्याच केनियात मोंबासाच्या किनाऱ्यावर दोन रात्री काढणाऱ्याला असते. देश तोच, व्हिसा तोच, निर्णय मात्र उलटा.

मलेरियाचा डास, म्हणजे ॲनोफेलिसची मादी, संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावते. आफ्रिकेतल्या मुख्य जातींचा जोर मध्यरात्रीनंतर असतो, म्हणजे आपण गाढ झोपेत असताना. म्हणून दिवसा कुठे फिरणार यापेक्षा रात्र कुठे काढणार हे महत्त्वाचं.

कागद घ्या आणि प्रवासातली प्रत्येक रात्र लिहून काढा. तारीख, गाव, आणि झोपायची जागा: एसी हॉटेल, मावशीचं घर, कामगारांचा कॅम्प की बोटीची केबिन. डोंगराळ भाग असेल तर उंचीही लिहा. फोंड्याचा एखादा यंत्रज्ञ पंधरा दिवसांसाठी मोझांबिकला निघाला आहे असं समजू. त्याचा कागद असा दिसेल: पहिली रात्र विमानात, दोन रात्री मापुतोत हॉटेलवर, दहा रात्री नाकाला बंदराजवळच्या कॅम्पात, पुन्हा एक रात्र मापुतोत, शेवटची विमानात. "मी मापुतोला चाललोय" असं तो सगळ्यांना सांगतो, पण डॉक्टरने ठरवायचं आहे ते मुख्यतः नाकालाच्या दहा रात्रींवर. हा कागद न नेता डॉक्टरकडे गेलात तर डॉक्टरही देशाच्या नावावरूनच औषध लिहील.

कुठे हवी, कुठे नको

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं दगावली. यातले ९४ टक्क्यांच्या आसपास रुग्ण आफ्रिकेतले. त्यामुळे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला रात्र काढायची असेल तर "गोळी हवी" असं धरूनच सुरुवात करावी आणि अपवाद शोधावेत.

नायजेरिया, अंगोला, घाना, काँगो, युगांडा, मोझांबिक: संपूर्ण देश धोक्याचा, शहरं धरून. टांझानियात सुमारे १८०० मीटरच्या खाली सगळीकडे धोका आहे. झांझिबारला मुख्य भूमीपेक्षा तो कमी असला तरी शून्य नाही. इथियोपियात अदिस अबाबाला मलेरिया नाही, कारण ते फार उंचावर आहे. सुमारे २५०० मीटरच्या खाली मात्र आहे. अदिसला विमान बदलून पुढे जाणाऱ्याने अदिसची चिंता करू नये, पुढच्या मुक्कामाची करावी. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्ग आणि केपटाउनला गरज नाही. क्रूगर अभयारण्य, लिम्पोपोचा आणि म्पुमलांगाचा सखल भाग यांना मात्र सप्टेंबर ते मे या काळात धोका असतो. मॉरिशस आणि सेशेल्सला गोळी नको.

बाकी जगाचं पटकन. दुबई आणि मालदीवला मलेरिया नाही. श्रीलंकेला २०१६ मध्ये मलेरियामुक्त प्रमाणपत्र मिळालं, केप व्हर्दे आणि इजिप्त यांना २०२४ मध्ये. बँकॉक, फुकेत, सिंगापूर, क्वालालंपूर, बाली इथे सुट्टीला जाणाऱ्याने गोळ्या घेऊ नयेत. तिथे डासांपासून जपायचं ते डेंग्यूसाठी, आणि तो डास दिवसा चावतो. थायलंडच्या सीमेवरची जंगलं, बोर्निओ, इंडोनेशियाचा पापुआ प्रांत आणि पापुआ न्यू गिनी यांची गोष्ट वेगळी, तिथे जाणाऱ्याने डॉक्टरकडे जावंच.

अनावश्यक गोळी घेणं निरुपद्रवी नसतं. "असू दे, घेऊन टाक" म्हणून बालीला जाताना डॉक्सिसायक्लिन घेतली आणि किनाऱ्यावर उन्हात पडून कातडी भाजून घेतली, तर फायदा शून्य आणि त्रास पूर्ण.

गोव्यातला अनुभव इथे फसवतो

गोंयकाराला मलेरिया नवा नाही. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पणजीत साथ उठली. बांधकामांवर साठवलेलं पाणी आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्या यांतला स्टीफेन्सी डास तिच्या मुळाशी होता. त्या काळातल्या अनेक घरांत "मला दोनदा झाला होता, क्लोरोक्विन घेतली आणि चार दिवसांत बरा झालो" असं सांगणारं कुणीतरी असतंच. आता गोव्यातला स्थानिक मलेरिया अगदी नगण्य झाला आहे, पण आठवण तीच उरली आहे. तिच्यातून तीन गैरसमज आफ्रिकेच्या विमानात चढतात.

पहिला, की मलेरिया म्हणजे हुडहुडी भरून येणारा पण जीव न घेणारा ताप. आपल्याकडे जास्त करून दिसला तो व्हायव्हॅक्स या जातीच्या परजीवीचा. आफ्रिकेतला बहुतांश मलेरिया फाल्सिपेरमचा असतो, आणि तो उपचाराविना दोन-तीन दिवसांत मेंदू, मूत्रपिंड आणि फुप्फुसांपर्यंत जाऊ शकतो.

दुसरा, की क्लोरोक्विन चालते. आठवड्याला दोन गोळ्या घ्यायच्या, स्वस्तात काम, असं जुने लोक सांगतात. आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमला क्लोरोक्विन दाद देत नाही. प्रतिबंधासाठी ती आता मध्य अमेरिकेचा काही भाग, हैती, डॉमिनिकन रिपब्लिक अशा मोजक्या ठिकाणीच उपयोगाची उरली आहे. फार्मसीवाल्याने "मलेरियाची गोळी" म्हणून क्लोरोक्विनची पट्टी पुढे केली तर ती परत द्या.

तिसरा गैरसमज सगळ्यांत घातक: "माझा जन्मच मोझांबिकातल्या बैराचा, मला काय होणार?" मलेरियाच्या प्रदेशात वाढलेल्याच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती येते हे खरं, पण ती सतत चावे बसत राहिले तरच टिकते. प्रदेश सोडून काही वर्षं झाली की ती विरत जाते. वीस वर्षं म्हापशात राहून बहिणीच्या घरी बैराला जाणारी व्यक्ती मलेरियाच्या दृष्टीने नवखीच असते. तिची इथे जन्मलेली मुलं तर पूर्ण नवखी. नातेवाइकांकडे जाणारे लोक हॉटेलात राहणाऱ्यांपेक्षा जास्त आजारी पडतात, कारण मुक्काम लांब असतो, घराला जाळ्या असतातच असं नाही, आणि "घरचेच तर आहेत" म्हणून गोळ्या घेतल्या जात नाहीत. घरातले कुणी गोळ्या घेत नाहीत हा पुरावा धरू नका. त्यांचं शरीर आणि तुमचं वेगळं.

लस आहे की, असंही कुणी म्हणेल. आहे. त्यांतली एक, आर-२१, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि २०२३ मध्ये तिची शिफारस झाली. पण ती मलेरियाच्या प्रदेशात राहणाऱ्या लहान मुलांसाठी आहे, प्रवाशासाठी नाही.

तीन गोळ्या, आणि त्यांतली आपली कोणती

आफ्रिकेसाठी प्रत्यक्षात निवड तिघींतून होते. तिन्ही नीट घेतल्या तर जवळपास सारख्याच प्रभावी आहेत. फरक पडतो तो तुमच्या प्रकृतीमुळे, मुक्कामाच्या लांबीमुळे आणि खिशामुळे. तिन्ही डॉक्टरच्या चिठ्ठीवरच घ्यायच्या.

ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल. मॅलारोन या नावाने जगभर ओळखली जाते. मोठ्या माणसाच्या गोळीत २५० आणि १०० मिलिग्रॅम अशी जोडी असते. रोज एक. पोहोचण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू, आणि धोक्याचा भाग सोडल्यावर फक्त सात दिवस. ही शेपटी आखूड असल्याने छोट्या प्रवासाला हीच बरी. त्रास सर्वांत कमी, किंमत सर्वांत जास्त. गोव्यातल्या दर फार्मसीत ती मिळत नाही, मागवून घ्यावी लागते, म्हणून आठवडाभर आधी सांगा. ॲटोव्हाक्वोन तेला-तुपाशिवाय अंगात शोषलं जात नाही. नुसत्या पेजेबरोबर गोळी घेतली तर बराचसा भाग वाया जातो. नारळाच्या रसाचं हुमण आणि भात, अंडं-पाव, लोणी लावलेला पाव, सायीचं दूध, असं काहीतरी स्निग्ध पोटात हवं. रात्रीच्या जेवणाबरोबर घ्यायची सवय सोपी पडते. घेतल्यावर तासाभरात उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्या. मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्यांना आणि गरोदर बायकांना ही देत नाहीत.

डॉक्सिसायक्लिन. रोज १०० मिलिग्रॅम. एक-दोन दिवस आधी सुरू, आणि परतल्यावर पूर्ण चार आठवडे. स्वस्त, आणि कुठेही मिळते. तक्रारी तीन, आणि तिन्ही टाळता येतात. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, गिळताना छातीत कळ येते. म्हणून ती जेवणानंतर, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. झोपायला जाता जाता घोटभर पाण्याबरोबर घेणं हा या औषधाचा सगळ्यांत वाईट वापर. दुसरी तक्रार उन्हाची: कातडी लवकर भाजते, तेव्हा साइटवर उघड्यावर काम करणाऱ्याने लांब बाह्या आणि सनस्क्रीन वापरावं. तिसरी, बायकांना योनिमार्गात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो; त्याचं औषध सोबत न्यायला डॉक्टरला सांगा. ॲसिडिटीची चघळायची गोळी किंवा लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि हिच्यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध आतड्यातच अडकतं. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदरपणात चालत नाही.

मेफ्लोक्विन. २५० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. परतल्यावर चार आठवडे. सहा महिन्यांच्या कंत्राटावर जाणाऱ्याला रोजची कटकट नको म्हणून ही सोयीची, आणि गरोदरपणात प्रवास टाळणं शक्यच नसेल तर डॉक्टर हिचाच विचार करतात. पण मेफ्लोक्विन काहींच्या डोक्यावर परिणाम करते: भयंकर स्वप्नं, झोप उडणं, अस्वस्थता, चक्कर, क्वचित भ्रम. नैराश्य, चिंताविकार, फीट येणं यांपैकी काही कधीही झालं असेल तर ही घेऊ नये, आणि ही गोष्ट डॉक्टरपासून लपवू नये. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्यांनीही टाळावी. सुरुवात दोन-तीन आठवडे आधी करायची, कारण त्रास व्हायचा असेल तर तो बहुधा पहिल्या तीन डोसांतच दिसतो. घरी असताना दिसला तर औषध बदलता येतं. लुआंडाच्या धक्क्यावर दिसला तर पंचाईत. उंचीवर काम करणाऱ्याला, पाणबुड्याला, यंत्र चालवणाऱ्याला आम्ही तरी दुसरी गोळी सुचवू.

भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाची मार्गदर्शक तत्त्वं सहा आठवड्यांपर्यंतच्या मुक्कामाला डॉक्सिसायक्लिन आणि त्याहून लांब मुक्कामाला मेफ्लोक्विन सांगतात. सरकारी डॉक्टरकडून हेच ऐकायला मिळेल. परदेशांत डॉक्सिसायक्लिन याहून लांबही दिली जाते, तेव्हा मेफ्लोक्विन सोसत नसेल तर वाट बंद होत नाही.

रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर पहिल्या दोन्ही गोळ्या तिचा परिणाम वाढवू शकतात. अशा माणसाने निघण्याआधी गोळी सुरू करून रक्ताची तपासणी करून घ्यावी. फीटची आणि क्षयाची काही औषधंही या गोळ्यांचा असर कमी करतात. थोडक्यात, चालू औषधांच्या पट्ट्या रात्रींच्या कागदाबरोबर डॉक्टरपुढे ठेवा. मुलांचा डोस वयावर नाही, वजनावर ठरतो. त्याच आठवड्यात वजन करा. आईने गोळी घेतली म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला संरक्षण मिळत नाही.

गोळ्या मोजणं

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. नाकालाच्या यंत्रज्ञाचंच घ्या. मोझांबिकला पाय लागल्यापासून निघेपर्यंत तेरा दिवस धरू.

ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल: आधीचे २, तिथले १३, नंतरचे ७. एकूण २२ गोळ्या. डॉक्सिसायक्लिन: २ अधिक १३ अधिक २८, म्हणजे ४३ कॅप्सूल. पाच पट्ट्या घेतल्या तर सात शिलकीत राहतात. मेफ्लोक्विन रविवारी घ्यायची ठरवली आणि पोहोचायचा दिवसही रविवारच असेल तर दोन आठवडे आधीपासून दोन, पोहोचल्या दिवशी एक, पुढच्या रविवारी एक, आणि निघाल्यानंतरचे चार रविवार: ८ गोळ्या. विमान चुकलं, काम लांबलं म्हणून रोजच्या गोळीच्या पाच-सात आणि आठवड्याच्या गोळीची एक जास्त ठेवा.

सगळ्या गोळ्या इथूनच न्या. आफ्रिकेतल्या बाजारात बनावट मलेरियाच्या औषधांचा सुळसुळाट आहे. पट्टी कापून डबीत भरू नका. मूळ वेष्टन आणि औषधाचं रासायनिक नाव लिहिलेली चिठ्ठी सोबत असू दे. आणि गोळ्या हातातल्या बॅगेत. चेक-इनची बॅग अदिसला राहिली तर तुम्ही बैराच्या डासांत आणि गोळ्या इथियोपियात.

परतल्यानंतरच्या गोळ्या का? डासाने सोडलेला परजीवी आधी यकृतात जाऊन बसतो, तिथे आठवडाभर किंवा जास्त वाढतो आणि मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिन आणि मेफ्लोक्विन त्याला मारतात ते मुख्यतः रक्तात. शेवटच्या रात्री चावा बसला असेल तर तो रक्तात उतरेपर्यंत तुम्ही घरी आलेले असता. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल यकृतातही पोहोचते म्हणून तिचे सात दिवस पुरतात. चवथीला घरी यायचं, माटोळी बांधायची, पाहुणे-रावळे, आणि त्या गडबडीत "आता कसला मलेरिया" म्हणून पट्टी कपाटात जाते. ठरल्या वेळेचा गजर फोनवर आधीच लावून ठेवा, शेवटच्या गोळीच्या तारखेपर्यंतचा.

डॉक्टरकडे चार ते सहा आठवडे आधी गेलेलं उत्तम. कंपनीने परवा निघायला सांगितलं असेल तरी जा: रोजच्या दोन्ही गोळ्या आदल्या दिवशी सुरू करून चालतात.

चावा बसूच नये म्हणून

गोळी शंभर टक्के रक्षण करत नाही. अंगाला लावायचं मलम घेताना ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. डीईईटी हा घटक २० ते ५० टक्के, किंवा पिकारिडिन २० टक्के हवं. आपल्या वाण्याकडची रोजची मच्छर-क्रीम अंगणात बसायला ठीक आहे, आफ्रिकेतल्या रात्रीला नाही. ३० टक्क्यांचं डीईईटी साधारण सहा तास टिकतं, घामात कमी. आधी सनस्क्रीन, वीसेक मिनिटांनी त्यावर मलम. डीईईटी प्लास्टिक विरघळवतं. चष्म्याच्या दांड्या आणि घड्याळाचा पट्टा सांभाळा. मुलांच्या तळहातांना लावू नका, ते तोंडात जातात. लसूण, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, आवाज करणारी यंत्रं, फेणीचा घोट यांतल्या कशानेही डास लांब राहत नाही.

एसी नीट चालणारी बंद खोली असेल तर मच्छरदाणीवाचून भागतं. वीज जाणाऱ्या गावात किंवा कॅम्पात कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी इथूनच न्या, सोबत चार-पाच मीटर नाड्याची गुंडी आणि चार हुक. मच्छरदाणीचा काठ गादीखाली सगळीकडून खोचायचा, जमिनीपर्यंत लोंबत ठेवायचा नाही. आत शिरल्यावर टॉर्चने कोपरे बघायचे, कारण आत अडकलेला एक डास रात्रभर मोकळा असतो. साध्या दाणीला झोपेत कोपर टेकलं की डास जाळीतूनच चावतो. औषध लावलेलीचा फायदा तिथे कळतो. प्लगमध्ये लावायचं लिक्विड नेणार असाल तर पिना बघा: केनियात दुबईसारख्या तीन चौकोनी पिना लागतात.

बोटीवरच्यांसाठी वेगळं

भर समुद्रात डास नाही. बोट बंदराला लागली आणि रात्र तिथे गेली की आहे. लागोस, लुआंडा, आबिजान, तेमा अशा बंदरांत धक्क्यावर रात्र काढायची असेल तर तुमच्या कागदावर ती रात्र धरा, मग तुम्ही किनाऱ्यावर उतरा की न उतरा. सूर्यास्तानंतर डेकवर काम असेल तर लांब बाह्या आणि मलम. केबिनची दारं आणि पोर्टहोल बंद, एसी चालू. एकामागून एक बंदरं असतील तर मधल्या समुद्रातल्या दिवसांत गोळी थांबवू-सुरू करू नका. पहिल्या बंदराआधीपासून शेवटचं बंदर सोडल्यावरच्या शेपटीपर्यंत सलग चालू ठेवा.

डॉक्टरपर्यंत पोहोचायला चोवीस तासांहून जास्त लागणार असतील, म्हणजे बोटीवर किंवा दुर्गम साइटवर, तर उपचाराचा एक पूर्ण कोर्सही सोबत असावा. बहुधा तो आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनचा असतो: ८०/४८० मिलिग्रॅमची गोळी, एकूण सहा. पहिली, आठ तासांनी दुसरी, मग पुढचे दोन दिवस सकाळ-संध्याकाळ, स्निग्ध जेवणाबरोबर. प्रतिबंधाला जे औषध चालू आहे तेच उपचाराला वापरायचं नाही, आणि मेफ्लोक्विन चालू असेल तर कोणता कोर्स न्यायचा हे आधी डॉक्टरलाच ठरवू द्या. हा कोर्स वेळ मिळवण्यासाठी आहे. तो घेतला तरी इस्पितळ गाठायचंच.

पिवळा ताप: एक परिच्छेद

याचा मलेरियाशी संबंध नाही, पण लोक दोन्ही एकच समजतात. काही आफ्रिकी देशांत शिरायला आणि तिथून भारतात परतायला पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो. तो नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत अलग ठेवू शकतात. गोव्यात लस मुरगाव बंदराच्या पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे मिळते. एका कुपीत अनेक डोस असल्याने ठरलेल्या दिवशीच देतात, आधी फोन करून पासपोर्ट घेऊन जा. दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून जन्मभर चालतो.

ताप आला तर

धोक्याच्या भागात पहिलं पाऊल टाकल्यापासून सात दिवसांच्या आत आलेला ताप तिथल्या मलेरियाचा नसतो. सातव्या दिवसानंतर, आणि परतल्यावर तीन महिन्यांपर्यंत, ३८ अंशांच्या वर गेलेला कोणताही ताप मलेरियाच आहे असं धरून त्याच दिवशी रक्त तपासा. गोळ्या नियमित घेतल्या असल्या तरी. पॅरासिटामॉल घेऊन उद्यापर्यंत थांबणं ही इथली नेहमीची चूक. ताप उतरतो, परजीवी वाढत राहतो.

मोझांबिकमध्ये किंवा अंगोलात असाल तर दवाखान्यात "गोता एश्पेसा" म्हणा. जाड रक्तपट्टीला, म्हणजे काचेवर रक्ताचा जाड थेंब घेऊन होणाऱ्या तपासणीला, पोर्तुगीजमध्ये तेच नाव आहे; लगेच कळतं.

गोव्यात परतल्यावर अडचण वेगळी. पावसाळ्यात ताप म्हटला की इथला डॉक्टर डेंग्यूकडे आणि लेप्टोकडे बघतो, आणि ते चूक नाही. प्लेटलेट मलेरियातही उतरतात, त्यामुळे अहवाल पाहून डेंग्यूचा शिक्का सहज बसतो. म्हणून दारातच, पहिल्या वाक्यात सांगा: "मी अमुक तारखेला मोझांबिकहून आलो, मलेरियासाठी रक्तपट्टी करा." प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी फुकट होते. रात्री-अपरात्री म्हापशाचं जिल्हा इस्पितळ, मडगावचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीला गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय). जाड आणि पातळ दोन्ही पट्ट्या मागा. नुसत्या कार्ड टेस्टवर थांबू नका. पहिली पट्टी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलात असं नाही, विशेषतः गोळ्या चालू असतील तर परजीवी थोडे असतात आणि नजरेतून निसटतात. बारा ते चोवीस तासांच्या अंतराने एकूण तीन वेळा तपासा. बडबड, गुंगी, डोळे पिवळे, लघवी काळपट, धाप, फीट: यांतलं काही दिसलं तर आरोग्य केंद्रात वेळ न घालवता थेट गोमेकॉ, तिथे शिरेतून आर्टेसुनेट लागेल.

देशाचं नाव सांगण्याला आणखी एक कारण आहे. आपल्या सरकारी यंत्रणेत फाल्सिपेरमला बहुतेक ठिकाणी आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन यांची जोडी देतात. पूर्व आफ्रिकेत सल्फाडॉक्सिनला प्रतिकार खूप पसरला आहे, तिथून आलेल्यासाठी ही जोडी भरवशाची नाही. डॉक्टरला प्रवास माहीत असेल तर तो दुसरी जोडी निवडेल. निदान झाल्यावर आरोग्य केंद्राची माणसं घरी येऊन शेजाऱ्यांचंही रक्त घेतील, टाक्या बघतील. कुरकुर करू नका: स्टीफेन्सी डास गोव्यात अजून आहेच, त्याला फक्त बाहेरून आणलेला परजीवी मिळायचा बाकी असतो.

व्हायव्हॅक्स किंवा ओव्हाले या जातीचा परजीवी निघाला तर रक्तातला मलेरिया बरा झाल्यावरही यकृतात झोपलेले परजीवी उरतात आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा उठतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स असतो. तो सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी झालीच पाहिजे, कारण हे द्रव्य कमी असणाऱ्याच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विनने फुटतात. कंपनीच्या वैद्यकीय तपासणीत ती सहसा नसते. वरचेवर आफ्रिकेला जाणाऱ्याने एकदा आपण होऊन करून अहवाल पासपोर्टच्या पाकिटात ठेवावा. साधारणपणे ती पुन्हा करावी लागत नाही.